चोर सोडून संन्याशाला फाशी: एका मेमरी त्रुटीचा माग

काही महिन्यांपूर्वी वर्डप्रेस या संकेतस्थळे चालवणाऱ्या प्रणालीवरील माझ्या संकेतस्थळाची पाने उघडेनाशी झाली. वाचकांना ‘गंभीर त्रुटी’ एवढाच संदेश दिसत होता, आणि सर्व्हरच्या त्रुटिनोंदीत एकच वाक्य शेकडो वेळा उमटलेले होते: ठरवून दिलेली १३४२१७७२८ बाइट मेमरी संपली असून आणखी २०४८० बाइट मागितल्या गेल्या आहेत. पहिला आकडा पाहून छाती दडपते, परंतु त्याला १०२४ ने दोनदा भागले की सरळ १२८ एमबी उरतात, आणि वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिले आहे त्या पीएचपीची मूळ मर्यादा तीच आहे. लेख लिहिण्याचे पान मात्र विनातक्रार उघडत होते. त्याचे कारण असे की, होस्टिंगने आडकाठी केली नसेल तर वर्डप्रेस प्रशासनाच्या पानांसाठी ही मर्यादा आपणहून २५६ एमबीपर्यंत वाढवते. वाचकांच्या पानांना ती सवलत मिळत नाही.

त्या वाक्याच्या शेवटी फाइलचे नाव आणि ओळीचा क्रमांक असतो, आणि तिथेच माझी फसगत झाली. नोंदीत ज्या फाइलचे नाव होते ती संपर्क अर्जाच्या प्लगइनची, म्हणजे वर्डप्रेसला वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रामची, होती. मी ते प्लगइन तडकाफडकी काढून टाकले; त्यानंतर तेच वाक्य थीममधल्या (संकेतस्थळाचे रूप ठरवणाऱ्या साच्यातल्या) पानाच्या तळभागाच्या फाइलचे नाव सांगू लागले, आणि दुसऱ्या एका पानावर तर वर्डप्रेसच्या स्वतःच्या डेटाबेस हाताळणाऱ्या फाइलचे. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचाच हा प्रकार होता. मेमरी कोणी खाल्ली हे ते वाक्य सांगत नाही. भांडे भरलेले असताना शेवटचा थेंब कोणाच्या हातून पडला, एवढेच ते सांगते. फाइलचे नाव दर पानागणिक बदलत आहे, हाच खरा धागा होता, पण तो मला उशिरा दिसला.

वर्डप्रेस ५.२ पासून अशा वेळी दोषी प्लगइनचे नाव सांगणारा ईमेल येतो, असे पुष्कळांना ठाऊक असते. मला तो आला नाही. तो येण्यासाठी त्रुटी लॉगिनच्या किंवा प्रशासनाच्या पानावर घडावी लागते आणि नोंदीतली फाइल प्लगइनची किंवा थीमची असावी लागते. माझी त्रुटी केवळ वाचकांच्या पानांवर घडत होती.

मग मी तेच केले जे सगळे करतात: वर्डप्रेसच्या कॉन्फिग (मांडणीच्या) फाइलमध्ये, ‘यापुढे संपादन करू नका’ या अर्थाच्या ओळीच्या वर, मेमरीची मर्यादा २५६ एमबी करणारी ओळ लिहिली. संकेतस्थळ अकरा दिवस सुरळीत चालले आणि बाराव्या दिवशी २६८४३५४५६ बाइट संपल्याचे वाक्य नोंदीत आले. ही मर्यादा संपूर्ण संकेतस्थळाची नसून प्रत्येक विनंतीची, म्हणजे एकेक पान तयार करण्याच्या कामाची, असते, त्यामुळे एकाच वेळी वीस वाचकांची पाने तयार होत असतील आणि प्रत्येक पान मर्यादेपर्यंत पोहोचत असेल, तर सर्व्हरला ५ जीबी लागतील, ही गोष्ट आकडा दुप्पट करताना ध्यानात ठेवावी लागते. मात्र त्या अकरा दिवसांनी मला एक माहिती फुकट दिली. एखादे प्लगइन लेख जतन होताना पुन्हा लेख जतन करण्याचाच आदेश देत असेल, तर ते स्वतःलाच हाका मारत राहते आणि मर्यादा कितीही वाढवली तरी ती काही क्षणांत संपते. माझ्याकडे ती संपायला दिवस लागले, म्हणजे कुठेतरी काहीतरी साठत होते. (मोठ्या छायाचित्राचा संशयही मी घेऊन पाहिला, कारण ६००० बाय ४००० पिक्सेलचे चित्र उलगडले की सुमारे ९६ एमबी जागा घेते, परंतु तो भार चित्र चढवताना येतो, लेख वाचताना नाही.)

त्यानंतर बॅकअपवरून संकेतस्थळाची एक चाचणी प्रत तयार केली, तिची मर्यादा तात्पुरती ५१२ एमबी केली आणि क्वेरी मॉनिटर हे मोजमाप दाखवणारे प्लगइन बसवून एका पानासाठी जास्तीत जास्त किती मेमरी लागते ते पाहिले. आकडा २६५ एमबी होता. निम्मी प्लगइन बंद करायची, आकडा पाहायचा, मग उरलेल्यांपैकी निम्मी, अशा रीतीने चौथ्या फेरीत ‘संबंधित लेख’ दाखवणारे प्लगइन हाती लागले. ते बंद केल्यावर आकडा ७५ एमबीवर आला. मला समाधान वाटायला हवे होते, पण एवढ्या साध्या संकेतस्थळासाठी ७५ सुद्धा जास्तच होते.

म्हणून डेटाबेसमधील ऑप्शन्सचा तक्ता, ज्यात वर्डप्रेस आणि प्लगइन आपापल्या नोंदी ठेवतात, लांबीच्या उतरत्या क्रमाने लावला. सर्वांत वर त्याच प्लगइनची १८ एमबीची एक नोंद होती. प्रत्येक लेखाचे इतर लेखांशी असलेले नाते ते याच एका नोंदीत लिहीत होते, आणि वाचक जुनी पाने उघडत गेले तसतशी ती फुगत गेली. नोंदीवर ऑटोलोडची खूण असल्यामुळे वर्डप्रेस ती प्रत्येक पानासाठी, गरज असो वा नसो, आधीच उचलून आणत होते. प्लगइन चालू असताना तोच मजकूर उलगडून त्याचा अ‍ॅरे (मेमरीतली मूल्यांची यादी) होई आणि कित्येक पट जागा व्यापे. प्लगइन बंद केल्याने उलगडणे थांबले, आणणे थांबले नाही, कारण प्लगइन बंद केले म्हणून त्याच्या नोंदी पुसल्या जात नाहीत. वर्डप्रेस ६.६ पासून साइट हेल्थ या संकेतस्थळाची तपासणी करणाऱ्या पानावर, अशा आपोआप आणल्या जाणाऱ्या नोंदी एकूण ८०० केबीच्या पुढे गेल्या की इशारा मिळतो. माझी आवृत्ती त्याहून जुनी होती आणि अपडेट मीच पुढे ढकलत आलो होतो.

ती नोंद पुसल्यावर आकडा ३९ एमबी झाला. मूळ संकेतस्थळावरही तेच करून मर्यादा पुन्हा १२८ वर आणली आणि निष्कारण काढलेला संपर्क अर्ज पूर्ववत बसवला. संबंधित लेखांचे दुवे सध्या मी प्रत्येक लेखाखाली हाताने देत आहे.