रकान्यातला ०.९५

थर्मल कॅमेरा, म्हणजे वस्तूंची उष्णता टिपणारा कॅमेरा, घेऊन मी नऊ वर्षं विजेची पॅनल तपासतोय. अहवालातल्या प्रत्येक फोटोखाली 'एमिसिव्हिटी' असा एक रकाना असतो आणि त्यात ०.९५ आपोआप छापून येतं, कारण कॅमेरा मुळात तसाच सेट केलेला असतो. परीक्षेत या शब्दाची व्याख्या मी लिहिली होती, गुणही मिळाले होते. पण नऊ वर्षांत त्या रकान्यावर माझी नजर एकदाही थांबली नव्हती.

त्या दिवशी मुख्य पॅनलची मासिक तपासणी होती. सोबत एक शिकाऊ मुलगी होती, कामावर लागून जेमतेम तीन आठवडे झालेली. दार उघडलं, ठरलेल्या अंतरावर उभे राहिलो, कॅमेरा बसबारवर, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या धातूच्या जाड पट्टीवर, धरला. मधल्या फेजच्या जॉइंटवर ४० अंश. मागच्या महिन्यात मीच ३८ लिहून 'सामान्य' असा शेरा मारला होता. तोच शेरा पुन्हा लिहायला पेन काढलं.

"सर, त्याच्या शेजारची स्लीव्ह ७४ दाखवतेय," ती म्हणाली.

जॉइंटपासून बोटभर अंतरावर केबलची काळी स्लीव्ह, म्हणजे टोकावरचं आवरण, होती. बाकीच्या दोन फेजच्या स्लीव्ह ४५च्या आसपास. मला वाटलं, या केबलवर लोड जास्त असेल. केबलभोवती अडकवून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावला, तर तिन्ही फेजमध्ये करंट जवळपास सारखा. मग एकाच केबलचं टोक एवढं का तापावं? आणि ज्या धातूला ती घट्ट आवळलेली आहे, तो धातू ४० अंशांवर कसा काय राहील?

मी विचार करत होतो, तेवढ्यात तिने पडद्यावर बोट ठेवलं. चकचकीत बसबारवर एक फिकट, उभट डाग दिसत होता. "सर, मी सरकले की हा पण सरकतो." ती पाऊलभर डावीकडे झाली. डाग डावीकडे गेला. पुन्हा जागेवर आली, डागही आला.

तो डाग म्हणजे तीच होती. तिच्या अंगाची उष्णता त्या धातूवरून परावर्तित होऊन कॅमेऱ्यात येत होती. माझ्या पोटात गोळा आला. महिनोन्‌महिने मी जॉइंटचं तापमान म्हणून जे लिहीत होतो, ते बहुतांशी समोरच्या भिंतीचं, छताचं आणि माझं स्वतःचं होतं.

एमिसिव्हिटी, मराठीत उत्सर्जकता, म्हणजे नेमकं काय, ते त्या क्षणी मला खऱ्या अर्थाने कळलं. प्रत्येक वस्तू तिच्या तापमानानुसार ऊर्जा बाहेर टाकते. त्याच तापमानाची आदर्श कृष्णवस्तू, म्हणजे जास्तीत जास्त शक्य तेवढी ऊर्जा टाकणारी कल्पित वस्तू, जेवढी टाकेल, त्याचा किती हिस्सा ही वस्तू टाकते, ते सांगणारा हा आकडा. शून्य ते एकच्या मधला, एकक नसलेला. विजेची काळी टेप ०.९५च्या जवळपास, माणसाची त्वचा ०.९८, पॉलिश केलेलं तांबं किंवा ॲल्युमिनियम मात्र ०.०५च्या आसपास. अपारदर्शक वस्तूच्या बाबतीत उरलेला हिस्सा म्हणजे परावर्तन. आमचा बसबार अगदी आरशासारखा नव्हता, ०.१ धरू. म्हणजे कॅमेऱ्यात पोचणाऱ्या ऊर्जेत त्याचा स्वतःचा आवाज बारीक आणि आजूबाजूचाच कलकलाट मोठा. कॅमेरा तापमान मोजत नाही, तो येणारी ऊर्जा मोजतो आणि रकान्यातल्या आकड्यावर विश्वास ठेवून तापमान काढतो. तो आकडा खरा आहे की नाही हे पाहणं माझं काम होतं.

या शब्दाचा वापर आमच्याकडे फार सैल होतो. 'एमिसिव्हिटी कमी आहे, म्हणजे वस्तू थंड आहे' असं मी कितीदा ऐकलंय. चूक आहे ते. तापमान वेगळं, उत्सर्जकता वेगळी. चांगलाच तापलेला धातूही चकचकीत असेल तर कॅमेऱ्याला आहे त्यापेक्षा बराच थंड भासतो. दुसरा गैरसमज रंगाचा. डोळ्यांना पांढरा दिसणारा रंगही अवरक्त किरणांत, म्हणजे कॅमेरा टिपतो त्या न दिसणाऱ्या उष्णतेच्या किरणांत, ०.९च्या आसपास असतो. तिथे पृष्ठभाग धातूचा आहे की नाही आणि किती गुळगुळीत आहे, हे जास्त मोलाचं. आणि वस्तूतून असं बाहेर पडणारं प्रारण म्हणजे किरणोत्सर्ग नव्हे, हेही सांगावंच लागतं, कारण 'रेडिएशन' ऐकलं की लोक दचकतात.

"मग कॅमेऱ्यात ०.१ टाकलं तर?" तिने विचारलं. प्रश्न बरोबर होता, पण तो रस्ता धोक्याचा. एवढ्या लहान आकड्यात जराशी चूक झाली किंवा परावर्तनाचा अंदाज किंचित हुकला, तरी उत्तर दहा-वीस अंशांनी इकडेतिकडे जातं. त्यापेक्षा पृष्ठभागच बदलायचा.

शटडाउन मागितला. उत्पादन विभागाची कुरकुर झाली, पण मी हटलो नाही. पुरवठा तोडला, कुलूप लावलं, वीज नसल्याची खात्री केली, अर्थिंग केलं आणि मगच हात आत घातला. जॉइंटजवळ काळ्या टेपचा चौकोनी तुकडा चिकटवला, कॅमेऱ्याच्या मोजबिंदूपेक्षा बराच मोठा. पुरवठा सुरू केला, लोड पूर्ववत होऊन तापमान स्थिर होईपर्यंत थांबलो.

टेपवर ९२. टेपच्या कडेला, त्याच धातूवर, ४१.

दोन आकडे एकाच पट्टीवर, मध्ये फक्त टेपची कड. आम्ही दोघं काही न बोलता पडद्याकडे बघत राहिलो.

पुन्हा शटडाउन घेऊन जॉइंट उघडला. बोल्ट हाताने फिरला. वॉशरखाली धातू काळवंडलेला, संपर्काची जागा खरवडल्यासारखी खडबडीत. पृष्ठभाग साफ केले, बोल्ट-वॉशर बदलले, टॉर्क रेंचने ठरल्याप्रमाणे आवळले. संध्याकाळी त्याच टेपवर ४९ आले.

जायच्या आधी मी तिला एक प्रयोग दाखवला. स्टीलच्या पेल्याला अर्ध्या बाजूने टेप लावली, गरम पाणी ओतलं आणि कॅमेरा दिला. टेपची बाजू लालभडक, स्टीलची बाजू जवळपास खोलीएवढीच. १८०४ मध्ये जॉन लेस्लीने गरम पाण्याने भरलेला धातूचा घनाकृती डबा घेऊन हेच दाखवलं होतं: काजळी लावलेली बाजू भरपूर उष्णता फेकते, घासून चकचकीत केलेली बाजू फारच थोडी, आत पाणी तेच. तिने पेला चारदा फिरवून पाहिला. मग स्टीलकडून बोट लावलं आणि चटका बसून झटकन मागे घेतलं.

त्या रात्री मी जुने अहवाल काढून बसलो. उघड्या चकचकीत धातूवर घेतलेली प्रत्येक नोंद शोधली. साठापेक्षा जास्त निघाल्या. प्रत्येकीसमोरचा 'सामान्य' हा शेरा खोडला आणि 'पुन्हा मोजणे' असं लिहिलं. सकाळी यादी वरिष्ठांच्या टेबलावर ठेवली, सोबत टेपचा अख्खा रोल.