शेवटचे दोन पट्टे निवांत काहून?

हिंगणघाटच्या बाजूला एका जिनिंगमध्ये आमचं कॅमेऱ्याचं यंत्र बसवलेलं आहे. बेल्टवरून जाणारा कापूस ते बघतं आणि त्यात सुतळी, प्लास्टिक, बारदान्याचे धागे दिसले की हवेच्या झोताने बाजूला उडवतं. कॅमेऱ्याचं चित्र आठ पट्ट्यांत कापलं जातं, एकेका पट्ट्याला एकेक थ्रेड (प्रोग्रामचा समांतर चालणारा भाग), कॉम्प्युटरही आठ कोअरचा, म्हणजे आठ थ्रेड एकाच वेळी चालवू शकणारा. पण ऐन हंगामात तक्रार आली की चार थ्रेडवर जेवढं काम उरकतं, त्याहून कमी आठ थ्रेडवर उरकतं. बेल्ट हळू केला की मागे कापसाच्या गाड्या तुंबतात, म्हणून मी तिथेच जाऊन बसले.

साधं प्रोफाइलिंग करून फारसं हाती लागलं नाही. वेळ कुठे जातो ते कळलं: पिक्सेल तपासणाऱ्या लूपमध्ये. तो तिथेच जाणार. प्रोफाइलर कोडची ओळ दाखवतो, पण ती ओळ मेमरीतल्या कुठल्या गोष्टीसाठी ताटकळते हे सांगत नाही.

यंत्र चालवणारे भाऊ माझ्या मागे उभे होते. स्क्रीनवर प्रत्येक थ्रेडला किती वेळ लागला याच्या आठ दांड्या दिसतात. ते म्हणाले, "ताई, हे शेवटचे दोन दिवसभर निवांत असतात. मी हंगामाच्या सुरुवातीपासून पाहून रायलो."

"ते बेल्टच्या काठाला आहेत ना भाऊ, तिथे कापूस विरळ पडतो," मी म्हटलं. रिकामा बेल्ट असला की प्रोग्राम पुढे सरकतो, त्यामुळे हे कारण मला पटण्यासारखं होतं.

"मंग पहिला पट्टा काहून निवांत नाही? काठ तं दोन्हीकडे आहे."

प्रश्न बिनतोड होता. पुढचा सगळा तपास मी त्यावरच केला.

लिनक्सवर पर्फ नावाचं मोजमापाचं साधन आहे, त्यात सीटूसी नावाची सोय आहे. प्रोसेसर नमुन्यादाखल काही लोड, म्हणजे मेमरीतून केलेली वाचनं, पकडतो आणि त्या लोडने मेमरीचा कुठला पत्ता मागितला, उत्तर यायला किती वेळ लागला, ते कुठल्या कॅशमधून (कोअरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीतून) आलं, याची नोंद करतो. कॅशमध्ये मेमरीची ने-आण ठरावीक आकाराच्या तुकड्यांत होते, त्या तुकड्याला कॅश लाइन म्हणतात; एका कोअरने नुकतीच बदललेली लाइन दुसऱ्याने मागितली की ते वेगळं मोजलं जातं. आमच्या यादीत एक लाइन इतरांच्या कितीतरी वर होती. हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीने मोजायच्या पद्धतीत, तिच्या पत्त्याचे शेवटचे अंक ४०. लाइन ६४ बाइटची. त्यातले गजबजलेले ऑफसेट, म्हणजे लाइनीच्या सुरुवातीपासूनची अंतरं, हेक्समध्येच १०, १८, २०, २८, ३० आणि ३८, प्रत्येकावर वेगळा थ्रेड. लगेच पुढची लाइन, ८० वाली, हिच्यात फक्त दोन ऑफसेट: ०० आणि ०८. सहा आणि दोन! भाऊंचे दोन पट्टे इथे बसले होते.

पण हा पत्ता कोणाचा? ग्लोबल व्हेरिएबल असतं तर प्रोग्राम जिथे लोड झाला तो पत्ता वजा करून सिम्बॉल टेबलात, म्हणजे पत्ते आणि नावांच्या यादीत, नाव मिळालं असतं. प्रोसेसच्या मॅप्स फाइलप्रमाणे हा हीपमधला, म्हणजे प्रोग्राम चालू असताना मागून घेतलेल्या मेमरीतला, निघाला, आणि हीपमधल्या जागेला नाव नसतं. नाव असतं ते ती जागा मागणाऱ्या ओळीला. म्हणून ही जागा देणाऱ्या मॅलॉक या फंक्शनच्या आड एक छोटी लायब्ररी बसवली: दर वेळी दिलेला पत्ता, आकार आणि मागणाऱ्याचा कॉल स्टॅक (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं ती साखळी) लिहून ठेवायचा. दर रनला पत्ते बदलतात, त्यामुळे ही नोंद आणि पर्फची नोंद एकाच रनची लागते. पुन्हा चालवल्यावर पत्ते बदलले, पण शेवटचे दोन अंक तेच राहिले. नोंदीत ५० ने संपणाऱ्या पत्त्यावर ६४ बाइटचा एक तुकडा सापडला. बिल्डमध्ये डीबग माहिती ठेवलेली असल्यामुळे कॉल स्टॅकवरून फाइल आणि ओळ मिळाली: कापसाचे पिक्सेल मोजणाऱ्या आठ ॲटॉमिक काउंटरांचा व्हेक्टर, म्हणजे ओळीने ठेवलेले आठ आकडे, प्रत्येक थ्रेडला एक; ॲटॉमिक म्हणजे बेरीज मध्येच न तुटता पूर्ण होणारे.

काउंटर ८ बाइटचा. ५० पासून सुरू झालेले सहा पहिल्या लाइनीत, उरलेले दोन पुढच्या. कोणी कोणाच्या काउंटरला हात लावत नव्हतं, तरी एकाने आपला आकडा वाढवला की अख्खी लाइन त्याच्या कोअरकडे जायची आणि बाकीचे पाच थांबायचे. ६४ बाइटच्या सीमेवर सुरुवात होण्याची सक्ती मॅलॉकवर नाही, साधारण १६ च्या पटीतला पत्ता मिळतो, म्हणून तुकडा असा दोन लाइनींत विभागला गेला. आठही एकाच लाइनीत पडले असते तर सगळ्या दांड्या सारख्याच लांब दिसल्या असत्या आणि भाऊंना विचारायला काही उरलं नसतं.

काउंटर ६४-६४ बाइटच्या अंतरावर ठेवणं हा प्रचलित उपाय. मला त्याहून बरा वाटला तो म्हणजे प्रत्येक थ्रेडने आपल्या लोकल व्हेरिएबलमध्ये मोजायचं आणि पट्टा संपल्यावर एकदाच काउंटरमध्ये टाकायचं. दर पिक्सेलला ॲटॉमिक बेरीज हवीच कशाला?

नवी बिल्ड टाकली आणि बेल्ट पूर्ण वेगाला आणला. आठ थ्रेड झेपले. दांड्या पाहिल्या तर दोन्ही काठांच्या आखूड, मधल्या लांब. पण सगळ्यात लांब दांडी अगदी मधोमध नव्हती, तिसऱ्या पट्ट्याची होती.

भाऊंनी ती पाहिली आणि म्हणाले, "फीडर डावीकडे टाकून रायला म्हणजे." लगेच पाना घेऊन ते बेल्टकडे गेले.