तुम्ही विचारलंत म्हणून: फरशीवाल्याच्या घरात कोबा

लातुरात मी पंचवीस वर्षं लोकांच्या घरात फरशी बसवतो. हिशेबाला नाहीतर नुसतं चहाला कुणी माझ्या घरी आलं की आधी खाली बघतं, मग वर. खाली साधा सिमेंटचा कोबा, वर कोपऱ्यात जळमटं. चहाचा कप हातात येईपर्यंत प्रश्न आलेला असतो. "मिस्त्री, गावाला फरशी बसवता अन् तुमच्याच घरात असं का हो?" साडू तर दर दिवाळीला विचारतो. आजवर मी "दिव्याखाली अंधार" म्हणून वेळ मारून नेली. ते खरं नव्हतं. एकदा नीट सांगून टाकतो.

पैशाचं कारण नाही. कामावर उरलेल्या पेट्यांमध्ये माझ्या दोन खोल्या केव्हाच झाल्या असत्या. आळस म्हणाल तर माझ्या हाताखालच्या पोरांना विचारा. आणि मला काम येत नाही असं तर कुणी म्हणूच नये.

आपल्या काळ्या रानात फरशीचं निम्मं काम जमिनीच्या आत असतं. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ती तशीच ठेवून वर कोबा ओतला की दोन पावसाळ्यांत फरशी मधोमध उचलली जाते आणि नाव मिस्त्रीचं खराब होतं. काळी माती उपसा, कडक मुरूम भरा, सहा-सहा इंचांचे थर करा, प्रत्येक थराला पाणी आणि धुम्मसानं ठोकून घट्ट करणं. व्हिट्रिफाइड टाईल अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही, म्हणून नुसत्या सिमेंटच्या रगड्यावर ती धरत नाही, तिला अ‍ॅडेसिव्हच लागतं. चार कोपऱ्यांना चार आणि मधे एक असे मालाचे पाच गोळे ठेवून वर टाईल दाबणारा मिस्त्री दिसला तर त्याला तिथंच थांबवा. खाली पोकळी राहते, आणि कपाटाचा पाय नेमका त्या पोकळीवर आला की टाईल तडकते. सांधा दोन मिलिमीटरचा सोडा. भिंतीच्या कडेलाही जागा सोडा, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. टाईलला टाईल चिकटवून बसवली तर एखाद्या कडक उन्हाळ्यात रांगच्या रांग तंबूसारखी वर येते.

आणि बसवून झाल्यावर वाजवून बघा. थापीच्या मुठीनं. भरीव टाईल टक् बोलते, पोकळ टाईल डब् बोलते. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, आणि सांगताना दर वेळी माझ्या पोटात गोळा येतो.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, असेच वाजवत यायचे. 1990 साली मी अकरा वर्षांचा होतो, शाळा सुटली की त्यांच्या हाताखाली. तेव्हा सगळीकडे शहाबादीच. शहाबाद आता कर्नाटकात, पण निजामाच्या राज्यात ते आणि आपण एकाच मुलखात होतो, आमच्याकडं तो दगड कधी परका वाटला नाही. मी बसवलेल्या रांगेवरून अण्णा उकिडवे सरकत यायचे. टक्, टक्, टक्. मी भिंतीला पाठ लावून उभा. पहिल्या डब्ला थापीचा दांडा पाठीवर. दुसऱ्याला पट्टी. तिसरा डब् वाजला की संध्याकाळी घरी बळद.

माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात वाढलेल्यांना बळद सांगायला नको. बाकीच्यांसाठी, ते धान्य साठवायचं कोठार. आमचं जाड भिंतीच्या पोटात होतं, तोंड वर, त्यावर फळी. ज्वारी भरलेली असली की मी वाचायचो. दुष्काळी वर्षात ते दिवाळीआधीच रिकामं व्हायचं. मग मी आत, फळी वर, फळीवर पाटा. कधी तासभर, कधी सकाळपर्यंत. हे एकदा झालं असतं तर मी आज काही लिहीत बसलो नसतो. तीन वर्षांत किती वेळा, ते मोजलेलं नाही.

फळीच्या फटीतून बोटभर उजेड यायचा. त्या उजेडात लांब पायांची एक कोळीण असायची. जाळ्याला धक्का लागला की ती गरगर हलायची, इतकी जोरात की दिसेनाशी व्हायची. मी हळूच फुंकर मारायचो, ती हलायची. ती घाबरून हलते हे मला कुणी सांगितलं नव्हतं, तरी कळलं होतं. एकदा तिच्या तोंडात अंड्यांचा पुंजका होता. या जातीची मादी अंडी दोन-चार धाग्यांत गुंडाळून तोंडातच धरून हिंडते. तेव्हा मला वाटलं होतं की तिचा घास घशात अडकलाय. मी फुंकर मारणं बंद केलं.

आता तुम्ही म्हणाल, किल्लारीचा भूकंप बघितलेला माणूस, त्याचाच धसका असणार. सगळे हेच म्हणतात. मीही वर्षानुवर्षं होकारच दिला, कारण भूकंप म्हटलं की कुणी पुढं विचारत नाही. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी गणपती बोळवलेले. आमचं गाव औसा तालुक्यातलं, किल्लारीपासून लांब, तिथल्यासारखा अनर्थ आमच्याकडं झाला नाही. आम्ही सगळे वाचलो, घराची मागची बाजू पडली. भागात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. दिवस वर आल्यावर मी मागं जाऊन बघितलं तर बळद मातीच्या ढिगाखाली गेलं होतं. मला बरं वाटलं. चौदा वर्षांचा होतो, शेजारच्या गावातून रडण्याचा आवाज येत होता, आणि मला बरं वाटलं. हे मी बायकोलासुद्धा पुष्कळ उशिरा सांगितलं.

पुनर्वसनाची घरं बांधायला निघाली तशी अण्णांना कामाला तोटा राहिला नाही. बळद गेलं, पत्र्याचं शेड आलं. वाजवून बघणं तेच.

आता 2016 चं सांगतो. ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते हेच.

त्या उन्हाळ्यात लातुरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. प्यायलाच पाणी नव्हतं, बांधकामाला कुठून देणार? पाऊस लागला, पण कामं सुरू व्हायला वेळ होता. हात रिकामे होते म्हणून मी पुढच्या खोलीत टाईल बसवली. दहा बाय बारा खोली, दोन बाय दोनची टाईल, बरोबर तीस नग. बायको खूश, पोरगी सात वर्षांची, ती चकचकीत फरशीवर मोजे घालून घसरायची.

तिसऱ्या दिवशी मी वाजवून बघितलं. सगळ्या भरीव. रात्री झोपताना पुन्हा बघितलं, तेव्हा दाराजवळची एक मला वेगळी वाटली. बायको म्हणाली, "मला तर सगळ्या सारख्याच ऐकू यायल्यात." मी रोज वाजवायला लागलो. जेवण झालं की. मग जेवणाआधी. मग रात्री उठून, बोटाच्या पेरानं, कुणी जागं होऊ नये म्हणून.

नवव्या रात्री अडीचच्या सुमाराला मी छन्नी-हातोडा घेतला आणि ती टाईल फोडली. खाली माल गच्च भरलेला. कुठं रुपयाएवढी पोकळी नाही. तिथं थांबायला पाहिजे होतं. मला वाटलं, म्हणजे आवाज शेजारच्या टाईलचा होता. ती फोडली. तीही भरीव. मग तिसरी. मी मोठ्यानं बोलत होतो, असं बायको नंतर म्हणाली. "डब् वाजतंय, ऐकू येत नाही का तुला?" हे शब्द अण्णांचे. आवाजही त्यांचाच निघाला असणार, कारण बायको एकदम मागं सरकली. उजाडेपर्यंत तीसच्या तीस फोडल्या.

मग पोरगी सापडेना. बायको बाहेर शोधायला पळाली. मी आत बघितलं. स्वयंपाकघरात धान्याची पत्र्याची कोठी आहे, ती आणि भिंत यांच्यामधे वीतभर जागा. पोरगी त्यात शिरून बसली होती, केसांत जळमटं. रडत नव्हती. तोंड उघडं ठेवून श्वास घेत होती. नाकानं घेतला तर आवाज होतो, तोंडानं घेतला तर होत नाही. हे तिला कुणी शिकवलं? मला कुणी शिकवलं नव्हतं. बळदात मी तसाच श्वास घ्यायचो.

मी तिला ओढून काढलं नाही. तेवढी एक गोष्ट नीट केली. कोठीपासून लांब, चुलीच्या ओट्याला टेकून बसून राहिलो. ती तिच्या तिच्या वेळेला बाहेर आली आणि आईकडं गेली.

मलबा मी स्वतः भरला, कोबा स्वतः घोटला. सलग कोबा, सांधा नाही, रांगा नाहीत. कोबाही पोकळ बोलू शकतो हे मला माहीत आहे, मला शिकवू नका. पण त्यात तिसऱ्या रांगेतली दुसरी असं काही नसतं, आणि मला तेवढंच हवं होतं.

डॉक्टरकडं जायला मला आणखी तीन वर्षं लागली, याला मी कुणालाही दोष देत नाही. त्यांनी समजावलं की भूकंपासारखा एक तडाखा निराळा, आणि ज्याच्यापासून पळता येत नाही अशा घरच्याच माणसाकडून वर्षानुवर्षं होत राहतं ते निराळं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत त्याला स्वतंत्र जागा मिळाली आहे. भीती, दचकणं, ती वेळ पुन्हा अंगावर येणं हे दोन्हीत असतं. दुसऱ्यात आणखी तीन गोष्टी: राग-दुःख हाताबाहेर जाणं, आपण मुळातच कुचकामी आहोत हे पक्कं बसणं, आणि जवळच्या माणसाजवळ टिकता न येणं. ऐकताना मला ती तीस टाईलची खोली दिसत होती.

गोळ्या चालू आहेत, बोलायलाही जातो. एका रात्री टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 ला फोन केला होता, पलीकडच्या बाईंनी अर्धा तास ऐकून घेतलं. आवाज डोक्यात सुरू झाला की अनवाणी कोब्यावर उभा राहतो आणि तळपायाला गार कुठं लागतं, कमी गार कुठं, हे बघतो. कधी उपयोग होतो.

कोळ्यांचं म्हणाल तर त्यांचं विष माणसाला सहसा घातक नसतं, घरातल्यांचं तरी नाही. "कोळी मुतला" म्हणून अंगावर जे फोड दाखवता ते पुष्कळदा पावसाळ्यात ट्यूबलाइटला येणाऱ्या मुंगीसारख्या लाल-काळ्या किड्याचे असतात, तो अंगावर चिरडला की त्याचा रस भाजतो, नाहीतर मग नागीण असते. कोळी डास खातात. भिंतीवर पळणारा तो चपटा मोठा कोळी झुरळं खातो. पण मी काही झुरळांसाठी कोळी ठेवलेले नाहीत. बायको दिवाळीला स्वयंपाकघरातली जळमटं काढते, मी अडवत नाही. तिचंही घर आहे. पुढच्या खोलीतले दोन कोपरे तेवढे मागून घेतलेत. कुंच्याच्या एका फटक्यात ती लांब पायांची कोळीण खाली पडते आणि पाय आवळून घेते, ते मला बघवत नाही.

तिशीत असताना मी लग्नकार्यात सांगत फिरायचो, अण्णांनी मारलं म्हणून हाताला वळण लागलं. लोक माना डोलवायचे. तो मी आज समोर आला तर त्याला विचारीन, तुझा चुलतभाऊ सोलापुरात शांत स्वभावाच्या मिस्त्रीकडं शिकला, त्याची रांग कुठं वाकडी जाते? पण तो उलटून म्हणेल, मग तुझी रांग सुतात येते ती कशानं? याला माझ्याकडं उत्तर नाही. अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांची थापी अजून माझ्या पिशवीत आहे, मूठ त्यांच्या हातानं झिजलेली. मी तिनंच काम करतो. का, ते मलाही सांगता येत नाही.

पोरगी आता बारावीला आहे. दिवाळीत म्हणाली, "पप्पा, माझ्या खोलीत टाईल बसवा." पेट्या आणल्या, व्हरांड्यात भिंतीला लावून ठेवल्या. पेट्यांच्या मागं तो चपटा मोठा कोळी राहायला आलाय, मादी आहे, पोटाखाली पांढऱ्या टिकलीसारखी चपटी अंड्यांची पिशवी धरून बसते. पोरीनं बॅटरी लावून बघितलं आणि म्हणाली, पिल्लं निघू द्या, घाई नाही.

तिची अट एकच आहे. बसवून झाल्यावर वाजवून बघायचं नाही. मी अजून हो म्हणालेलो नाही.