दिव्यांची हजेरी

परवा दुपारी सोलापुरात नव्या पेठेत गाडीत बसून होते. आई आणि मावशी साडीच्या दुकानात, मी बाहेर, कारण नव्या पेठेत एकदा पार्किंग मिळालं की ते सोडून सगळ्यांनी उतरायचं नसतं, कुणीतरी बसून राहायचंच. ऊन असलं की स्टिअरिंगला हात लावला तर चटका. काच खाली करायला म्हणून चावी फिरवली, इंजिन चालू न करता, आणि मीटरमधले सगळे दिवे एकदम लागले, लाल, पिवळे, सगळे. मग एकेक जायला लागले. एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या सिस्टीमचा, गेला, एअरबॅगचा जरा रेंगाळून गेला, आणि इंजिन बंद असताना ज्यांना जाताच येत नाही ते राहिले, ऑइलचा, बॅटरीचा, चेक इंजिनचा.

हे मी दरवेळी बघते. खोडच आहे. नवरा शेजारी असला की वैतागतो, "चल की आता, काय बघत बसलीस," आणि मी म्हणते थांब, एअरबॅग राहिलाय. शाळेत बाई हजेरी घ्यायच्या ना, माझ्या डोक्यात ते तसं बसलंय आणि आता निघत नाही. चावी फिरली की एकेकाचं नाव घेतलं जातं, दिवा लागतो म्हणजे उठून "हजर बाई" म्हणतो आणि खाली बसतो. एखादा उभाच राहिला तर त्याला काहीतरी सांगायचंय, ते ठीक आहे, ऐकून घेऊ. पण जो उठलाच नाही त्याचं काय करायचं? बल्ब गेलाय, वायर तुटलीय का कुणी मुद्दाम काढून ठेवलाय? लोक लागलेल्या दिव्याला घाबरतात, मला न लागलेल्याची जास्त भीती वाटते.

याचं मूळ बहुतेक मामाच्या जीपमध्ये आहे. मामा सोलापूर-अक्कलकोट वडाप करायचा, म्हणजे जीपमध्ये माणसं भरून खेपा मारायचा. सुट्टीत आजोळी असले की पुढच्या सीटवर गिअरच्या दांड्याच्या दोन्हीकडं पाय टाकून बसायचं, ती माझी ठरलेली जागा. मामा स्वतः अर्धा दाराबाहेर, कारण पुढंच चौघं. थंडीत सकाळची पहिली खेप असायची तेव्हा चावी फिरवून तो गप्प बसून राहायचा. मीटरमध्ये तारेच्या वेटोळ्याचा पिवळा दिवा, तो जाईपर्यंत स्टार्टर मारायचा नाही. "थांब गं, हीटर होऊ दे." डिझेलला स्पार्क प्लग नसतो, दाबून तापलेल्या हवेनंच ते पेटतं, आणि गार इंजिनात ती उष्णता पुरत नाही म्हणून आत एक छोटी कांडी आधी लाल करून घ्यायची, हे पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळायचं की मागं माणसं कुडकुडतायत, कुणाच्या मांडीवर कोंबडी आहे, कुणाला स्वामींच्या दर्शनाला लवकर पोचायचंय, आणि मामा त्या एका दिव्याशिवाय कुणाचं ऐकत नाहीये.

त्याच मीटरच्या कोपऱ्यात काळ्या टेपचा एक तुकडा चिकटवलेला होता. मला वाटायचं काच फुटलीय. एकदा नखानं खरवडला तर खाली लाल झारी, तोटीतून थेंब पडणारी, आणि चालू गाडीत पेटलेली. मामा म्हणाला, "राहू दे ती. कायम लागलेली असते, रात्री डोळ्यात जाते."

आता, ऑइलच्या दिव्याचं काम इतकं साधं आहे की बघून हसू येतं. इंजिनला एक छोटा स्विच बसवलेला, आत पडदा. ऑइलचं प्रेशर नाही तोवर स्विच जोडलेला, दिवा लागलेला. इंजिन सुरू झालं, पंपानं प्रेशर केलं, पडदा ढकलला गेला, स्विच सुटला, दिवा गेला. साधारण ०.३ ते ०.५ बारचा खेळ, बार म्हणजे दाबाचं माप. म्हणजे ऑइल किती आहे ते हा सांगतच नाही, त्यासाठी बॉनेट उघडून पट्टी काढून पुसून बघायची. हा फक्त दाब आहे का नाही ते सांगतो, आणि चालत्या गाडीत लागला तर विचार करत बसायचं नसतं, कडेला घेऊन आधी बंद करायची, कारण बेअरिंगवर ऑइलचा थर नसला की धातूवर धातू घासतो. मामाच्या जीपला झालं होतं असं की त्या स्विचची वायर कुठंतरी सोलून बॉडीला टेकली होती, आणि वायर बॉडीला टेकली काय किंवा स्विच जोडला काय, दिव्याला दोन्ही सारखंच. तो रोज खोटं बोलायचा म्हणून मामानं त्याच्या तोंडाला टेप लावली. आणि एक दिवस वळसंगच्या पुढं तो खरं बोलत होता. इंजिन सीझ झालं, आतून जाम. पॅसेंजर मागच्या यष्टीनं गेले, जीप ट्रॅक्टरला बांधून आणली, आणि मामीनं त्या रात्री घरात कुणाला काही विचारू दिलं नाही.

आजोळ गिरणीच्या बाजूला. आजोबा गिरणीत होते, आजी घड्याळ बघायची नाही, कुठल्या भोंग्याला चुलीवर काय ठेवायचं ते ठरलेलं. सोलापुरातल्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा, भोंग्यांबद्दल अर्धा तास बोलेल, कुठल्या गिरणीचा कसा वाजायचा ते तोंडानं काढूनसुद्धा दाखवेल. गिरणी बंद पडली ते आजीला कुणी येऊन सांगितलं नव्हतं म्हणे. पहाटे भोंगा झाला नाही, ती उठली आणि भाकरीचं पीठ मळायचं का नाही हे विचारायला शेजारी गेली. हे इथं का आलं माहीत नाही. आलं.

तर बॅटरीचा दिवा. हा माझा लाडका. चित्र बॅटरीचं असलं तरी तक्रार बहुतेक वेळा अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनावर फिरून वीज करणाऱ्या यंत्राची असते, चार्जिंग होत नाहीये. जुन्या गाड्यांत तर याला वेगळा सेन्सरच नसायचा. बल्बचं एक टोक बॅटरीकडं, दुसरं अल्टरनेटरकडं. इंजिन बंद असताना एका बाजूला १२ व्होल्ट, दुसऱ्या बाजूला काहीच नाही, करंट वाहतो, दिवा लागतो. अल्टरनेटर फिरायला लागला की दोन्हीकडं सारखेच, १४ च्या आसपास, करंटला जायचं कारणच उरत नाही, दिवा गेला. दोन्ही बाजू सारख्या झाल्या की वाद मिटतो, आमच्या घरात हे तत्त्व अजून लागू झालेलं नाही. आणि अल्टरनेटरचा तोच बेल्ट कित्येक गाड्यांत वॉटर पंपही फिरवतो, त्यामुळं बेल्ट तुटला की आधी बॅटरीचा दिवा आणि मागोमाग टेंपरेचर. "बॅटरी तर परवाच नवीन टाकलीय" म्हणत गाडी तशीच दामटणारा पुण्याच्या वाटेवर मोहोळपर्यंत तरी पोचेल का, शंका आहे.

टेंपरेचरचं म्हणाल तर माझ्या गाडीत काटाच नाही. निळा दिवा म्हणजे इंजिन गार, लाल म्हणजे उकळायला आलंय, मधे काही नाही. सोलापूरच्या मे महिन्यात निळा नुसता तोंड दाखवून जातो. आत थर्मिस्टर असतो, तापला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो, त्यावरून कंप्युटर पाणी किती तापलंय ते काढतो. गोम अशी की तो पाण्यात बुडालेला असायला पाहिजे. कूलंट सगळं गळून गेलं तर तो नुसत्या हवेत लटकतो आणि इंजिन भाजत असताना सुद्धा कमी आकडा सांगू शकतो. काटा होता त्या गाड्या तरी कुठं खरं सांगायच्या, कित्येक गाड्यांत तो मुद्दाम मधोमध धरून ठेवलेला असतो, खालीवर झाला तर गिऱ्हाईक घाबरून शोरूमला फोन करतं म्हणून.

आणि तो पिवळा, चेक इंजिन. याच्याशी माझं जमत नाही. काय चेक करू? बॉनेट उघडून इंजिन आहे का बघू? आमचा मेस्त्री म्हणतो, "चालतंय की ओ ताई, लाईट हाय म्हणून काय गाडी थांबलीय का?" तसा तो चुकीचा नाही. पिवळा म्हणजे वेळ काढून दाखवा, लाल म्हणजे थांबा, एवढं तर आता लहान पोरालाही माहितीय. पण हाच पिवळा लुकलुकायला लागला तर तेवढं सोडू नये, मिसफायर होतंय, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर साफ करणाऱ्या कॅट कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो महागडा डबा आतून भाजून निघतो. मुळात हा दिवा बराचसा धुरासाठीच आहे. आपल्याकडं कारमध्ये ही स्वतःची तपासणी स्वतः करायची सिस्टीम २०१० मध्ये आली, २०१३ मध्ये आणखी कडक झाली. कॅटच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर, नंतर एक. पुढच्याचा आकडा सारखा खालीवर हलतो, मागच्याचा शांत पाहिजे. मागचाही पुढच्यासारखा नाचायला लागला की कॅट काम करत नाही, कोड पडला, पी ०४२०. मेस्त्री स्कॅनर लावतो, कोड पुसतो, "गेली बगा लाईट." पुसून गेलेली लाईट थोड्या दिवसांनी परत येते, तेव्हाही तो तितक्याच आनंदानं पुसतो. खरी दुरुस्ती झाली असेल तर तिला पुसावं लागत नाही, तीनेक वेळा गाडी नीट चालली की ती आपली आपण जाते.

मागं भाचीसाठी सेकंडहँड गाडी बघत हिंडलो होतो. एकानं मोठ्या कौतुकानं गाडी चालू करून दाखवली, "बघा, मीटरला एक लाईट नाय, एकदम क्लीन." मी म्हटलं बंद करा आणि फक्त चावी फिरवा. फिरवली. सगळे उठले, एअरबॅगचा उठला नाही. परत फिरवली, नाहीच. गाडी चांगली होती हो, रंगही भाचीला आवडला होता, निघालो तिथून. नंतर मेस्त्री म्हणाला तुम्हाला निदान कळलं तरी, काही हुशार लोक दिवा काढत नाहीत, फुटून गेलेल्या एअरबॅगच्या जागी नुसता रेझिस्टर बसवतात. एअरबॅग जागेवर आहे का हे कंप्युटर आत हात घालून बघत नाही, सर्किटचा रेझिस्टन्स मोजतो, साधारण २ ओहम भरला की त्याचं समाधान. दिवा रीतसर लागतो, रीतसर जातो. गैरहजर पोराच्या नावाला मागच्या बाकावरून दुसराच कुणीतरी "हजर बाई" म्हणतो आणि बाई पुढचं नाव घेतात. तेव्हापासून माझ्या त्या खोडीवरचा माझाच विश्वास जरा कमी झालाय, पण सुटत नाही.

आवाजांचं वेगळंच. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना सीट बेल्टची आठवण, मागचे पार्किंग सेन्सर आणि स्पीडचा इशारा सक्तीचा झाला, ८० च्या वर गेलं की मधूनमधून टिंग, १२० च्या वर सलग. पुण्याला जाताना मावशी मागून टेंभुर्णीपर्यंत विचारत असते, "काय वाजतंय गं?" सीट बेल्टचा तर फारच प्रामाणिक. शेजारच्या सीटखाली वजन ओळखणारा सेन्सर आहे, त्याला माणूस कोण आणि सामान कोण कळत नाही. मंगळवेढ्याहून येताना डिकीत जागा नव्हती म्हणून मालदांडी ज्वारीचं पोतं पुढं ठेवलं, तर गाडी ओरडायला लागली. शेवटी पोत्याला बेल्ट लावला. अख्ख्या रस्त्यानं ज्वारी बेल्ट लावून आली, टोलनाक्यावरचा पोरगा वाकून बघत होता.

दादाच्या गाडीत मात्र काहीच वाजत नाही. त्यानं ते बक्कल आणलंय, बेल्टच्या खाचेत नुसतं खुपसून ठेवायचं, गाडीला वाटतं माणूस बांधलेला आहे. हजेरी फुल्ल. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पाच ऑनलाईन विक्रेत्यांना ही बक्कलं विकणं बंद करायचा आदेश दिला, हजारोंनी जाहिराती उतरवल्या गेल्या. मी त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "माझं त्याच्या आधीचं हाय." तुळजापूर रोडला, हैदराबाद रोडला, रोज कुठं ना कुठं गाडी घातलेली असते, आणि हा माणूस दर आठवड्याला त्या रस्त्यांवरून जातो, दोन पोरी आहेत त्याला. त्याच्या शेजारी बसले की मी ते बक्कल उपसून काढते, माझा बेल्ट लावते, आणि त्याचंही काढून त्याच्या हातात देते. तो हसतो, "काय बे तू," म्हणतो आणि माझ्यासाठी म्हणून लावतो. मी उतरले की परत बसवतो, मला माहितीय. वहिनीला सांगून बघितलं. ती म्हणाली, माझं तरी कुठं ऐकतात.