अण्णांची गोळी

अण्णांनी सोलापूरच्या अशोक चौकातल्या कारखान्यात ३० वर्षं चादरींचे माग चालवले. यंदा गड्ड्याची जत्रा उठते न उठते तोच त्यांना स्टेंट बसवावा लागला. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून क्लोपिडोग्रेल सुरू झालं. ही गोळी गिळताना निष्क्रिय असते. यकृतातलं सीवायपी२सी१९ एन्झाइम तिला कामाला लावतं. त्याचा जनुकच सदोष असेल तर वेळेवर घेतलेली गोळीही पुरेशी लागू पडत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० मध्येच तसा ठळक इशारा दिलाय. आम्हाला आधी कुणीच सांगितलं नाही, याचा राग अजून जात नाही. मीच तपासणीचा हट्ट धरला. अहवालात जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष निघाल्या. मग डॉक्टरांनी त्या गोळीऐवजी टिकाग्रेलॉर दिलं, सकाळ-संध्याकाळ; त्याला कामाला लागायला हे एन्झाइम लागत नाही. संध्याकाळी अण्णा सिद्धेश्वर तलावाकाठी असतात, तेव्हा मी फोन करते: “अण्णा, गोळी घेतली का?”