प्रेस नोट ते खुलासा : आमची वाटचाल

क्रीडा क्षेत्रातला जनसंपर्क म्हणजे खेळाडूंसोबत फोटो काढायचे, असे ज्यांना वाटते त्यांनी एखाद्या कुस्ती मैदानाच्या संध्याकाळी आमच्या ऑफिसात येऊन बसावे. वाद सुरू होतो दिवेलागणीला, आणि जिल्हा आवृत्तीचे क्रीडा पान सुटायला फार तर दोन तास उरलेले असतात. तेवढ्यात जो कागद डेस्कवर पोचतो, तोच दुसऱ्या दिवशी गावभर वाचला जातो. आम्ही पुण्यात बसून हा कागद लिहितो. त्यावरच घर चालले, मुलांची शिक्षणे झाली.

सुरुवातीला भांडवल म्हणजे एक फॅक्स, एक सेकंडहँड कॉम्प्युटर आणि त्यात श्रीलिपी हे मराठी टायपिंगचे सॉफ्टवेअर. आताच्या मुलांना सांगून पटत नाही, पण आमच्या फाँटमधली प्रेस नोट समोरच्याच्या मशीनवर उघडली की 'कबड्डी'चे काय झालेले असेल ते देवालाच ठाऊक. म्हणून मेल केल्यावरही प्रिंट काढायची आणि स्कूटरवरून प्रत्येक डेस्कवर हातात नेऊन द्यायची. धंदा उभा राहिला तो त्या फेऱ्यांवर. एका उपसंपादकाने चहा पिता पिता सांगितले होते, "पहिल्या परिच्छेदात अध्यक्ष नको, निकाल घाला." अध्यक्ष रुसायचे, पण बातमी लागायची. तेव्हाच्या कात्रणांच्या वह्या अजून कपाटात आहेत, आणि बातमी मोजायची स्टीलची पट्टीही. कॉलम सेंटिमीटरवर बिल करायचो.

त्या पट्टीवर एकाच गिऱ्हाइकाने कधी विश्वास ठेवला नाही. तालमीचे वस्ताद. स्वतःची शिंप्याची टेप घेऊन यायचे, कात्रण टेबलावर पसरायचे आणि मोजायचे. "मथळा धरायचा नाही, त्याचे पैसे पेपरवाल्याने लावलेत, तुम्ही नाही." त्यांचे गावच्या उरुसाचे मैदान, आमचे सगळ्यात लहान काम. पैसे मात्र जत्रा उठायच्या आत रोख. आजवर त्यांनी दुसरी एजन्सी पाहिलेली नाही.

मधली वर्षे बरी गेली. लीग आल्या, प्रायोजक आले, माणसे वाढली. त्यात सांगण्यासारखे काही नाही.

सांगण्यासारखे घडले २०१९ च्या मोसमात. एका कंपनीने मोठे मैदान प्रायोजित केले होते, प्रसिद्धी आमच्याकडे. एक नंबरची कुस्ती बरोबरीत सोडवली. इनाम अर्धे-अर्धे द्यायचे ठरले आणि कमिटीकडे रोकड कमी निघाली. कमिटीतल्या कोणीतरी माइकवरून सांगून टाकले की कंपनीचा चेक आला नाही. झाले, खुर्च्या उडाल्या. वस्तुस्थिती अशी की निम्मी रक्कम कंपनीने आधीच दिली होती आणि उरलेली करारानुसार मैदानानंतर द्यायची होती. मी खुलासा लिहिला: किती दिले, कधी दिले, बाकी कधी देणार, प्रश्न असतील तर फोन कोणाला करायचा. चार ओळी, एकही विशेषण नाही.

कंपनीच्या मालकांच्या केबिनमध्ये तेव्हा मुंबईची एक एजन्सी आधीच बसलेली होती. लॅपटॉप, स्लाइड्स, 'रेप्युटेशन' हा शब्द दर मिनिटाला. त्यांचा मसुदा एका वाक्याचा होता: "कंपनीचा सदर मैदानाच्या आयोजनाशी कोणताही संबंध नाही." अहो, मैदानाच्या फ्लेक्सवर कंपनीचा लोगो पैलवानांच्या फोटोंपेक्षा मोठा होता!

मी मालकांना २०१३ ची आठवण करून दिली. आयपीएलच्या सट्टेबाजीत बीसीसीआय अध्यक्ष श्रीनिवासन यांचा जावई गुरुनाथ मय्यप्पनचे नाव आले, तेव्हा चेन्नई सुपर किंग्जची मालक कंपनी इंडिया सिमेंट्सने पत्रक काढले की तो संघाचा मालकही नाही आणि टीम प्रिन्सिपलही नाही, व्यवस्थापनाचा फक्त मानद सदस्य आहे. त्याच्या ट्विटर खात्यावर ओळख होती 'टीम प्रिन्सिपल'. डगआउटमध्ये त्याला अख्ख्या देशाने टीव्हीवर पाहिलेले. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या मुद्गल समितीने पुढच्या वर्षी त्याला संघाचा अधिकारीच धरले, आणि २०१५ मध्ये न्यायालयाच्याच लोढा समितीने संघ दोन वर्षांसाठी बाहेर ठेवला. सट्टा एकाचा असेल, पण 'आमचा नाही' म्हणणारे ते पत्रक सगळ्यांच्या लक्षात राहिले.

दुसरे उदाहरण तेव्हा ताजे होते. मार्च २०१८, केपटाउन. ऑस्ट्रेलियाच्या बॅनक्रॉफ्टला कॅमेऱ्याने चेंडू घासताना पकडले. त्याच संध्याकाळी तो आणि कर्णधार स्मिथ पत्रकारांसमोर बसले, हे चांगले केले. पण सांगितले काय, तर पिवळी चिकटपट्टी आणि तिला लागलेली माती. काही दिवसांत क्रिकेट ऑस्ट्रेलियाच्या चौकशीत सँडपेपर निघाला. स्मिथ आणि उपकर्णधार वॉर्नरला एक वर्षाची बंदी, बॅनक्रॉफ्टला नऊ महिन्यांची, आणि मॅगेलन या प्रायोजकाने अर्ध्यातच करार मोडला. कबुली द्यायची तर पूर्ण द्यावी. अर्धी दिली की उरलेली दुसरा कोणी शोधून काढतो, आणि मग पहिल्या अर्धीवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

मालक म्हणाले, "आपण ऑस्ट्रेलियात नाही." मुंबईचाच मसुदा पेपरांकडे गेला. सकाळी व्हॉट्सॲपवर त्यांचे ते वाक्य आणि तो फ्लेक्स शेजारी शेजारी फिरत होते.

खापर फुटले आमच्यावर, फ्लेक्सचा फोटो आम्हीच पत्रकारांना पुरवला म्हणून. पुरवला होताच, मैदानाच्या आठ दिवस आधी, प्रसिद्धीसाठी, त्यांच्याच सांगण्यावरून! मोसमाचे बिल अडकले. मुंबईकरांनी बाजारात उठवले की ही मंडळी आतले बाहेर देतात. दोन लीग सोडून गेल्या. पाठोपाठ आमची दोन माणसे गेली, पत्रकारांच्या नंबरांची यादी घेऊन, आणि कुठे गेली ते सांगायला नको. मग मार्च २०२० आला. मैदाने बंद, जत्रा बंद, प्रेस नोट कशाची लिहायची? बायकोच्या पगारावर ऑफिसचे भाडे गेले.

जत्रा पुन्हा सुरू झाल्या तेव्हा पहिला फोन वस्तादांचा. त्यांनी शेजारच्या दोन गावांच्या कमिट्याही आणल्या. आल्या आल्या टेप काढली.

या धंद्यातल्या नव्या मंडळींना सांगतो, कोणी विचारले नसले तरी. आखाड्यातल्या वादात शिक्षेची बातमी आधी सोडू नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत गादी (मॅट) विभागाच्या लढतीत चितपट दिल्यावर पैलवान शिवराज राक्षेने पंचांना लाथ मारली. ते गैरच. त्याच्यावर आणि अंतिम लढतीत पंचांशी वाद घालणाऱ्या महेंद्र गायकवाडवर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. पण पारावर बसलेला माणूस विचारत होता ते वेगळेच: दोन्ही खांदे टेकले होते का? राक्षेचीही मागणी व्हिडिओ बघा अशीच होती. माझ्याकडे काम असते तर त्या रात्री बंदीच्या पत्रकाआधी लढतीचे चित्रण आणि नियमाची ओळ पाठवली असती. निकाल चुकला असेल तर तसे, बरोबर असेल तर तसे. आणि हो, पत्रकाराला चहा पाजा, पाकीट देऊ नका. पाकीट घेणारा उद्या समोरच्याचेही घेतो.

त्या मुंबईच्या एजन्सीच्या वेबसाइटवर ते मैदान आता 'यशस्वी संकट व्यवस्थापन' म्हणून झळकते आहे, फ्लेक्सचा फोटो वगळून. आमचे त्या मोसमाचे बिल अजून आलेले नाही. त्यावरचा जीएसटी मात्र आम्ही तेव्हाच भरला.