उन्हाची वाट

काल दुपारी चक्क बारा मिनिटं ऊन पडलं. मी जेवणावरून उठलो, उजवा हात उष्टा म्हणून डाव्या हाताने बेडरूमच्या काचेवरचा डिकलचा (मॉडेल विमानावर लावायच्या खुणा-आकड्यांच्या स्टिकरचा) कागद काढला आणि गॅलरीच्या दाराला नेऊन चिकटवला. बायको म्हणाली, लोक उन्हात पापड टाकतात.

डिकल जुने झाले की पिवळे पडतात, आणि काचेला लावून उन्हात ठेवले की पिवळेपणा हळूहळू उडतो. हे माहीत होतं, पण जुलैत पुण्यात ऊन आणायचं कुठून.

किट एअरफिक्स कंपनीचं, जोडायचं प्लास्टिकचं विमान, १/२४ स्केलचं स्पिटफायर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान. हे किट निघालं १९७० साली आणि मीही त्याच साली निघालो. जहाजावरच्या मामाने लंडनहून आणलं तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि बाबांनी खोका बघून लगेच सांगितलं, मोठा झालास की कर, आत्ता वाट लावशील. खोका गेला माळ्यावर. मग दरवर्षी दिवाळीला आकाशकंदील खाली यायचा त्याच्याबरोबर खोकाही यायचा, मी चटईवर सगळे पार्ट मांडायचो, पंख नुसते धरून बघायचो (जोडला तर टोकापासून टोकापर्यंत जवळजवळ ४७ सेंटिमीटर, म्हणजे आमच्या देवघरापेक्षा रुंद), प्लास्टिकचा वास घ्यायचो आणि तुळशीचं लग्न झालं की कंदिलासोबत परत वर. काचेचा डिनर सेट, मामाचं किट, चांगलं ते सगळं आमच्याकडे वापरायचं नसायचंच.

आता मोठा झालोय बहुतेक. मामाने सोबत दिलेल्या रंगाच्या दोन डब्या, हम्ब्रॉल २९ आणि ३०, उघडल्या तर आत दगड. नवीन आणल्या. एवढ्या मोठ्या स्केलला फुटाचा अर्धा इंच होतो, त्यामुळे कुठलीच चूक लपत नाही. सांध्यात पुट्टी भरली, पॉलिश पेपर मारला, तर शेजारचे बारीक रिव्हेटही घासून गेले. गेले तर गेले. मर्लिन इंजिन मात्र मनापासून रंगवलं, बारा सिलिंडर, खालच्या पायपांसकट, आणि त्यावर झाकण बंद करणार आहे. लोक इंजिन दिसावं म्हणून झाकण उघडं ठेवतात, मला ते गॅरेजमध्ये पडलेल्या स्कूटरसारखं वाटतं. आत आहे हे मला माहीत आहे ना, बास.

पंखांशी मात्र खूप वेळ गेला. तो लंबगोल आकार नुसता दिसायला नाही, पंख पातळ ठेवून त्यात प्रत्येक बाजूला चार-चार ब्राउनिंग मशिनगन आणि चाकं बसवायची होती. ते जमवणारा स्पिटफायरचा डिझायनर मिचेल आणि त्याची माणसं. पहिलं उड्डाण ५ मार्च १९३६ ला झालं आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये मिचेल कॅन्सरने गेला, ४२ वर्षांचा. हवाई दलाच्या स्क्वाड्रनला पहिलं स्पिटफायर मिळालं ते १९३८ मध्ये. हे मी कितीदा वाचलंय, पण परवा हातात डावा पंख धरून आकडा मोजला, की मी त्याच्याहून किती मोठा झालो, आणि पंख खाली ठेवून चहा करायला गेलो.

धडाचे दोन भाग अजून रबरबँडने धरलेत. आत सीट, पट्टे, घड्याळांसारखे डायल, सगळं झालंय. चिकटवलं की आतलं परत दिसणार नाही म्हणून थांबलोय असं मी सांगतो. बायको म्हणते बाबांवर गेलायस.

तसं काही नाही. डिकल पांढरे झाले की चिकटवणारच आहे, पण त्याला ऊन पाहिजे, आणि बाहेर परत सुरू झालाय. आता ऑक्टोबर हीटलाच बघू.